शकूबाईने पाला बंद केला

शकूची आई अंबड तालुक्यातल्या त्यांच्या गावात कापणीच्या दिवसांत कधी घरी सापडायची नाही. कुणाला विळा लागला, कुणाच्या पायात कुऱ्हाड निसटली, की माणसं तिला शोधत बांधावर यायची. ती आधी जखम पाण्याने धुवायची. मग बांधावरची कंबरमोडी उपटायची. कंबरमोडी म्हणजे लांब दांडीवर पिवळंपांढरं फूल येणारी, खरबरीत पानांची ती रानटी झुडुपं. पानं स्वच्छ धुऊन तळहातावर चोळली की हिरवा रस सुटायचा. तो जखमेत पिळायचा, वर चोथा दाबायचा, चिंधी आवळायची, की वाहतं रक्त बघता बघता थांबायचं. नाकाचा घोळणा फुटला तर दुर्वांचा रस, साधं खरचटलं तर हळद. पण आईचा एक दंडक होता. "हाड दिसलं की पाला नाही. रक्त उड्या मारीत आलं की पाला नाही. तिथं गाडी जुंपायची अन् तालुक्याला न्यायचं."

शकूला रक्ताची भीती कधी वाटली नाही ती त्यामुळेच. लग्न होऊन ती घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर आली, पाच-सहा वर्षांत नवरा काविळीने गेला, आणि एकोणऐंशी साली ती साकीनाक्याजवळच्या एका गाळ्यात झाडूवाली म्हणून लागली. स्टीलच्या डब्यांची झाकणं बनवायचा तो गाळा होता. सात प्रेस मशिनी, वर पोटमाळा, आणि कामाला बावीस माणसं. मालक चंद्रप्रकाश शेठ सफारी घालून काचेच्या केबिनमध्ये बसायचा. भिंतीवर लाल क्रॉसची प्रथमोपचाराची पेटी होती. शकूने पहिल्या आठवड्यात ती पुसायला म्हणून उघडली, तर आत अगरबत्त्या आणि काडेपेटी.

पत्रा हात कापणारच. रोज कुणाचं तरी बोट, कुणाचा अंगठा. गाळ्याच्या मागच्या भिंतीला, गटाराच्या कडेने कंबरमोडी माजलेली होती. शकूने पहिल्यांदा एकाला पाला बांधला, दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले, आणि महिन्याभरात जेवायच्या सुट्टीत तिच्यापुढे रांग लागू लागली. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा लवू नावाचा मालवणकडचा माणूस गाळ्यात लागला. सुताच्या सवयीचे हात, पत्र्याला नवीन. तो तर आठवड्यातून दोनदा यायचा.

"शकूबाय, बघ गो, परत घेतल्यान मेल्या पत्र्यान."

"आधी हात धू. तेल काढ ते."

"गावाक आमी ह्येका दगडी पालो म्हणतंव."

"काय बी म्हण. हात वर धर."

शेठ केबिनच्या दारातून बघायचा आणि खूश व्हायचा. "डॉक्टरची गरजच काय? आपली शकूबाई आहे ना! घरची डॉक्टरीण." दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा पुडा, तर शकूला पुडा आणि वर जांभळी साडी. खोटं कशाला सांगा, शकूला ते आवडायचं. चाळीत ती साडी नेसून ती मुद्दाम नळावर गेली होती. आपल्या आईची विद्या ह्या एवढ्या मोठ्या शहरात कामाला येते, शेठसारखा माणूस तिला मान देतो, ह्याचा तिला अभिमान होता. पुढे कित्येक वर्षं ह्या अभिमानाची आठवण झाली की तिच्या अंगाची लाही व्हायची.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिने आपल्या धाकट्या भावाला, खंडूला, गावाहून आणवला. सातवी शिकलेला, एकोणीस वर्षांचा. शेठला सांगून तिनेच त्याला प्रेसवर लावला. मशीनच्या तोंडाशी जाळीचं गार्ड असतं. हात आत असला तर ठोका पडत नाही. पण गार्ड असलं की माल कमी निघतो म्हणून शेठने सगळी गार्डं काढून पोटमाळ्यावर टाकली होती.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला खंडूच्या प्रेसने डबल ठोका मारला. शकू दारापाशी कातरण गोळा करत होती. तिला ओरडणं ऐकू आलं नाही. मशिनी एकदम थांबल्या तेव्हा तिने वर पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून पत्र्यासारखी चपटी झाली होती.

तिने पदर फाडला, मनगट वर धरलं, कापड घट्ट आवळलं. "रिक्षा बोलवा! हॉस्पिटलात न्या याला!"

शेठ बाहेर आला. त्याने शटर अर्धं खाली ओढायला लावलं. "ओरडू नको. पाला लाव तू. रिक्षा येतेय."

"पाल्याचं काम नाही हे! हाड दिसतंय!"

"मी सांगतो ना, लाव."

तिने लावला नाही. चार तास ती भावाचा हात डोक्याच्या वर धरून बसली. खंडूची शुद्ध येत होती, जात होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत शेठने पोटमाळ्यावरून गार्ड उतरवून घेतलं, त्या मशीनवर बसवलं, मशीन पुसून घेतली, फरशी धुऊन घेतली. लवू आणि आणखी एकजण खंडूला उचलून न्यायला पुढे झाले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की जो बाहेर जाईल त्याने परत यायचं नाही. ते थांबले. तीन वाजता एक टेम्पो आला.

महापालिकेच्या हॉस्पिटलात दोन्ही बोटं काढावी लागली. चार दिवसांनी शेठचा कारकून वॉर्डात आला, शकूसमोर एक कागद धरला. "बाई, अंगठा द्या. हॉस्पिटलात द्यायला लागतो." शकू लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. तिने दिला. त्याच आठवड्यात तिला कामावरून काढलं.

त्या कागदात काय होतं ते तिला आठ महिन्यांनी कळलं. वस्तीतल्या युनियनच्या माणसांनी खंडूचा नुकसानभरपाईचा अर्ज करून दिला होता. त्याच्या सुनावणीत शेठच्या वकिलाने तो मोठ्याने वाचला. खंडू कामगारच नव्हता, बहिणीला डबा द्यायला आला होता. त्याला किरकोळ कापलं होतं. बहिणीने अडाणीपणाने गटाराकडेचा घाणेरडा पाला बांधला, जखम सडली, म्हणून बोटं गेली. असं बहीण स्वतःच अंगठ्यानिशी सांगते आहे.

शकू उभी राहिली, बोलायला लागली, तर सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "तुमची वेळ येईल तेव्हा बोला." शेठने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो रुमालाने चष्मा पुसत होता.

बाहेर जिन्यावर खंडूने विचारलं, "आक्का, खरं सांग. मला शुद्ध नव्हती. तू पाला तर नव्हता ना लावलास?"

बोटं गेली तेव्हा शकू रडली होती. ह्या प्रश्नाला ती रडली नाही. "नाही," एवढंच म्हणाली आणि पुढे चालू लागली. पण तो नुसता प्रश्न नाही, त्यात थोडा विश्वासही आहे त्या कागदावर, हे तिला समजलं. शेठने भावाची बोटं घेतली, तिची नोकरी घेतली, आईची विद्या गटारात घातली, आणि आता भावाच्या मनातही शिरला.

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. दळण निवडताना, नळावर भांडताना, नव्या कामाच्या शाळेत वर्ग झाडताना तेच. कधी वाटे, केबिनच्या काचेवर दगड घालावा. कधी वाटे, तिखटाची पूड घेऊन शेठच्या गाडीशी उभं राहावं. एकदा ती खरोखर पदरात पूड बांधून साकीनाक्यापर्यंत गेली आणि गाडी येताना बघून परत फिरली. भ्याली म्हणून नव्हे. पूड धुतली जाईल, तो पुन्हा चष्मा पुसेल, असं तिला वाटलं म्हणून. हे तिला पुरणारं नव्हतं.

आणि मग एका रविवारी लवू डोंगर चढून तिच्या घरी आला. तळहातावर आडवी चीर, त्यावर तेलकट फडकं.

"शकूबाय, तू गेल्यापासून हाल आसत गो आमचे. जरा पालो लाव."

तिने हात धुवायला पाणी दिलं. घरामागच्या उतारावरून चार पानं तोडून, धुऊन आणली. चोळायला तळहातावर घेतली आणि तशीच बसून राहिली.

"काय झाला?"

"चार वर्षं," शकू म्हणाली, "चार वर्षं मी त्याचं रक्त पुसलं रे, लवू. तुमचं नाही. त्याचं. एकही माणूस कधी हॉस्पिटलात गेला नाही, कुठं काही लिहिलं गेलं नाही. का? तर मी होते."

तिने पानं दारातून बाहेर फेकली.

"जा. महापालिकेच्या हॉस्पिटलात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घे, टाके घाल. कुठं लागलं विचारतील. गाळ्याचं नाव सांग, मशीन सांग, तुझं नाव सांग. केसपेपर घे आणि मला आणून दे."

"खाडो धरतलो शेठ! येडी झालंस काय?"

"पाला बंद. कुणालाच नाही."

लवू शिव्या घालत उतरला. पण हात ठणकत होता, त्याला जावंच लागलं. तीन दिवसांनी त्याने केसपेपर आणून तिच्या उंबऱ्यावर टाकला. "घे. खूश?" शकू खूश होती. तिने तो कागद घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती गाळ्याच्या मागे गेली आणि भिंतीकडेची सगळी कंबरमोडी मुळासकट उपटली. माणसं आता स्वतःच पाला तोडून बांधत होती ना, मग तो राहता कामा नये. गटारापासून रस्त्यापर्यंत तिने एक रोप ठेवलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा उगवली, तिने पुन्हा उपटली. जाणारे-येणारे तिला वेडी समजत. जेवायच्या सुट्टीत ती फाटकासमोरच्या चहाच्या टपरीशी उभी राहायची. कुणी हात धरून बाहेर आला की पुढे व्हायची.

"दाखव. चल हॉस्पिटलात."

"मावशी, अर्धा दिवस जाईल."

"जाऊ दे. बोट जाण्यापेक्षा बरं. चल, मी येते बरोबर."

काही यायचे, काही तिला ढकलून जायचे. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तुझ्या भावाची बोटं गेली म्हणून आमच्या पोटावर पाय देतेस?" खरं होतं ते. तिला त्यांची कणव येत नव्हती असं नाही; पण कणव खाली होती, आणि वर दुसरंच काही होतं. शेवटी कुणाच्याही हातातून रक्त आलं की तिला बरं वाटू लागलं. आणखी एक, असं मनात यायचं. एका पोराच्या कपाळावर पत्र्याची पट्टी लागून डोळ्यात रक्त उतरलं होतं, तो घाबरून "मावशी, मावशी" करत होता. शकूने स्वच्छ कापड दाबून धरलं, त्याला रिक्षात घातलं, आणि वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत. तेव्हा तिची तिलाच भीती वाटली. पण हॉस्पिटलाच्या खिडकीवर नाव लिहिताना ती पोराच्या आधी बोलली. "गाळ्याचं नाव नीट लिहा, साहेब."

ड्रेसिंगच्या खोलीत रत्नप्रभा नावाची नर्स होती. धिप्पाड, बोलायला फटकळ. पाच-सहा महिन्यांनी तिने शकूला गाठलं.

"काय गं मावशी, गाळा आहे का खाटीकखाना? दर आठवड्याला एक घेऊन येतेस."

शकूने तिला सगळं सांगितलं. रत्नप्रभा हातमोजे काढत ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या भावाचा पेपर बघितलास का कधी? पहिल्या दिवशीचा?"

"तो शेठच्या माणसाने घेतला."

"घेऊ दे. नोंद इथे असते. भावाला अर्ज करायला सांग."

खंडूने डाव्या हाताने अर्ज लिहिला. वाकडा, पण वाचता येणारा. महिन्याने नक्कल मिळाली. इंग्रजीत होती. रत्नप्रभाने जिन्यावर उभ्या उभ्या ती दोघांना वाचून दाखवली. "दोन बोटं जागीच चिरडलेली. मशीनची इजा. आणायला चार-पाच तास उशीर. जखम स्वच्छ. कापडाने घट्ट बांधलेली. हात वर धरून आणला." तिने कागद खाली केला. "पाल्याबिल्याचं नाव नाही कुठं. उलट बांधणाऱ्याने शहाणपणा केला, नाहीतर रक्तानेच गेला असता."

खंडू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "आक्का..."

"उगं बस," शकू म्हणाली. "रडायचं नंतर."

पंच्याऐंशीच्या सुरुवातीला युनियनच्या माणसांबरोबर ती फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेली. ट्रंकेतले सगळे केसपेपर तिने टेबलावर एकेक करून मांडले. एकतीस कागद, एकोणीस वेगळी नावं. दहा माणसं कामाला असली की कारखान्याचा कायदा लागतो, म्हणून शेठच्या हजेरीपुस्तकात कायम नऊच नावं असायची. हे तिला आता पाठ झालं होतं.

"साहेब, पुस्तकात नऊ माणसं आहेत," ती म्हणाली. "मग ह्या एकोणिसांची बोटं कुठल्या मशीनने कापली?"

इन्स्पेक्टरने आधी एक कागद उचलला, मग दुसरा, मग खुर्ची पुढे ओढली.

इन्स्पेक्टर न कळवता गाळ्यावर आले. शेठने दहा-बारा जणांना पोटमाळ्यावर चढवून शिडी काढून घेतली. पण समोर टपरीशी शकू उभी होती. तिने हात वर केला आणि पोटमाळ्याकडे बोट दाखवलं. माणसं उतरवली गेली, त्यांच्या पाठोपाठ धूळ खात पडलेली सहा गार्डंही उतरली. शेठने काचेतून तिच्याकडे पाहिलं. ह्या वेळी त्याने पाहिलं. शकूने नजर काढली नाही.

त्यानंतरच्या सुनावणीत लवूने साक्ष दिली. अर्ध्या मालवणीत, घाबरत, पण सगळी दिली. टेम्पो किती वाजता आला, गार्ड कधी बसवलं, कुणाला काय धमकी दिली. मग साहेबांनी हॉस्पिटलचा कागद शेठपुढे ठेवला. वकील कानाला लागला. शेठ पुटपुटला, की पाल्याबद्दलचं लिहिणं कारकुनाच्या चुकीने झालं असावं.

"जोरात," शकू मागून म्हणाली.

"बाई, बसा," साहेब म्हणाले.

"बसते. पण त्यांना म्हणावं, माझ्या भावाकडे बघून सांगा. मी पाला लावला होता की नव्हता?"

साहेबांनी तिला दुसऱ्यांदा बसायला सांगितलं नाही. त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठने चष्मा काढला, घातला.

"नव्हता लावला," तो म्हणाला.

"भावाकडे बघून."

त्याने बघितलं. "नव्हता लावला."

शकू बसली. मनात शांती वगैरे काही आली नाही; सणसणीत आनंद झाला, भूक लागल्यावर भाकरी मिळावी तसा. तो तिने कुणापासून लपवलाही नाही.

खंडूला भरपाई मंजूर झाली. पुढे तो मुलुंडच्या एका इमारतीत लिफ्टमन झाला. शेठवर खटला झाला, दंड झाला, तुरुंग मात्र नाही. त्याने गाळा बंद केला आणि मशिनी टेम्पोत घालून गुजरातच्या हद्दीत, वापीला नेल्या. नऊ जण त्याच्याबरोबर गेले, बाकीचे घरी बसले. त्यातल्या दोघांच्या बायकांनी असल्फ्याच्या नळावर शकूला गाठून वाटेल ते सुनावलं. शकूने ऐकून घेतलं. हंडा भरला आणि घरी आली. त्यांचं चुकत होतं असं ती कधी म्हणाली नाही. आपलं चुकलं असंही म्हणाली नाही.

शेजारच्या पोरांना खरचटलं, कुणाचं बोट विळीवर कापलं, की ती पुन्हा पाला बांधू लागली. आईच्याच पद्धतीने, आईच्याच दंडकाने.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत लवू तिच्याकडे आला. तो वापीला गेलेल्या नवांपैकी एक होता. साक्ष दिली तरी शेठने त्याला नेलं होतं. हाताला वळण असलेला माणूस सहज मिळत नाही. चहा पिताना त्याने डावा हात मांडीखाली ठेवला होता.

"दाखव," शकू म्हणाली.

"काय नाय गो."

"लवू, दाखव."

करंगळीचं टोक नव्हतं. जखम भरलेली, पण वेडीवाकडी.

"गार्ड?"

"थय कोण बघता?" लवू म्हणाला. "पुस्तकात परत नऊ. आमी आसव अठरा."

"कुणी हॉस्पिटलात गेलं?"

"नाय. शेठाची एक बाय आसा, ती हळद लावता."

शकूने कप खाली ठेवला. ती उठून स्टोव्ह पुसू लागली. लवूला वाटलं, ही आता थकली, संपलं ते सगळं. मग तिने विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

"नंदा. थयलीच, नवी आसा."

"तिला मराठी कळतं?"

"कळता थोडा थोडा."

"आणि सरकारी दवाखाना कुठंय तिथं? गाळ्यापासून चालत किती लागतं?"

लवूने तिच्याकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला. "शकूबाय, पुरे कर गो आता. माझी नोकरी आसा थय."

"तुझं नाव येऊ देणार नाही," शकू म्हणाली. "मला फक्त त्या नंदाला भेटायचंय."

गणपती विसर्जन झाल्यावर तिने शाळेत चार दिवसांची रजा मागितली. मुख्याध्यापिकांनी विचारलं, गावाला चाललात का? ती म्हणाली, नाही, वापीला, थोडं काम राहिलंय. खंडू तिला बोरिवलीपर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना त्याने खिडकीतून विचारलं, "आक्का, अजून किती?"

"तो थकेपर्यंत," शकू म्हणाली आणि पदर सावरून बसली.